शेषरावांचे सात फोटो

एका जंगलात, बाळांनो, पाण्याची टंचाई होती, पण नेटवर्क उत्तम होतं. त्यामुळे सगळे प्राणी समाधानी होते.

सगळे म्हणजे एक सोडून. शेषराव नावाचा अजगर होता, त्याचं लग्न जमत नव्हतं. वागायला सरळ, नोकरी नसली तरी कुणाचं देणं नाही, वर्षातून चार-पाच वेळा जेवण. असा मुलगा आजकाल मिळतो का? पण बिचाऱ्याचा फोटो चांगला येत नसे.

त्याचं असं झालं होतं, की जंगलात ओळखी व्हायच्या त्या 'चौकट' नावाच्या ॲपवर. तिथे प्रत्येक फोटो चौकोनी. सशाला ते सोयीचं होतं, घुबडाला तर फारच सोयीचं. शेषराव मात्र पंधरा हात लांब. वेटोळं घालून फोटो टाकला, तर खाली कुणीतरी लिहिलं, "सतरंजी छान आहे." सरळ पडून टाकला, तर तो चौकटीत इतका बारीक दिसला की एका हरणाने विचारलं, "दोरी कुठून आणली?"

आणि नदीपलीकडच्या अनंतराव अजगरांनी नेमकं हेच कळवलं होतं, "मुलाचा पूर्णाकृती फोटो पाठवावा." त्यांची मुलगी इरावती शेषरावाने एकदा पाणवठ्यावर पाहिली होती. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

तो बजाबा माकडाकडे गेला. बजाबा फोटो काढायचा.

"सोपं आहे," बजाबा म्हणाला. "लांबीचे सात तुकडे करू."

शेषराव तीन हात मागे सरला.

"तुमचे नाही हो, फोटोचे! पहिल्या चौकटीत डोकं, शेवटच्या चौकटीत शेपूट. बघणाऱ्याने एकेक सरकवत जायचं. सलग तुम्हीच दिसाल. शहरात सगळे जण डोंगरांचे फोटो असेच टाकतात."

शेषराव सकाळीच एक रानडुक्कर गिळून आला होता, त्यामुळे मधला भाग चांगला भरलेला होता. बजाबाने सात तुकडे केले आणि नदीपलीकडे पाठवले.

आता पलीकडे काय झालं ते ऐका. अनंतरावांकडे तीन वर्षं स्थळं येत होती. एक फोटो म्हणजे एक स्थळ, ही त्या घरची रीत. त्यांनी जिभेने एकेक फोटो सरकवला आणि आत हाक मारली, "अगं आक्का, आज एकदम सात आली!"

तुम्ही म्हणाल, अनंतराव स्वतः अजगर, त्यांना अजगर कसा असतो ते माहीत नव्हतं का? माहीत होतं हो. पण स्वतःच्या अंगापेक्षा फोटोवर त्यांचा विश्वास जास्त होता.

त्यांची बहीण आक्का चष्मा लावून बसली.

"पहिला नको. नजर तिरसट आहे."

"दुसरा?"

"नुसती मान. ताठ दिसतोय, ऐकायचा नाही. तिसरा बरा, पण चौथा बघ! अंगाने कसा भरलाय! खात्यापित्या घरचा आहे."

"आक्का, त्याला तोंड दिसत नाही."

"मग चांगलंच की. उलट बोलणार नाही."

पाचवा आणि सहावा यथातथा ठरले. सातव्याला "फारच किडकिडीत" म्हणून बाद केलं. संध्याकाळी निरोप आला, 'चार नंबरचं स्थळ पसंत. मुलाला घेऊन या. बाकीच्या सहा जणांना आशीर्वाद.'

शेषरावाला धक्का बसला. जाऊन स्पष्ट सांगायचं, की अहो, ते सातही मीच, असं ठरवून तो निघाला. दारात अनंतराव उभेच होते.

"या, या! खरं तर एकालाच बोलावलं होतं. पण आलात ते बरं झालं. आपण मुलाचे कोण?"

शेषरावाने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून इरावती पोह्यांची ताटली घेऊन आली. पाणवठ्यावर दिसली होती त्याहून सुंदर. खरं सांगितलं तर ही हातची जाईल, असं त्याला वाटलं.

"मी," तो म्हणाला, "मी मुलाचा थोरला भाऊ."

"आणि हे मागचे?"

"ते धाकटे."

पोहे अर्थातच चौथ्या नंबरपुढे ठेवले गेले. शेषराव लांबून बघत राहिला.

"तुम्हाला वाचनाची आवड आहे का?" इरावतीने पोटाला विचारलं.

आत रानडुक्कर जिरत होतं. पोट म्हणालं, "गुर्रर्र."

इरावती लाजली. "मोजकंच बोलतात," ती आक्काच्या कानात म्हणाली.

लग्न थाटात झालं. हार शेपटीकडून चढवावा लागला, एवढीच काय ती अडचण. अंतरपाटाचं एक टोक धरायला मुलाकडचं कुणी मोठं माणूस हवं होतं. तेव्हा शेषरावाने स्वतःच्याच लग्नात अंतरपाट तोंडात धरला आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत सोडला नाही.

संसार सुरू झाला. चौथ्या नंबरची तब्येत उतरू नये म्हणून पहिला नंबर सारखा खात होता. दुपारी इरावती पोटापाशी बसून मनातलं सगळं सांगायची. शेषराव ते ऐकायचा. इतकं गोड त्याच्याशी आयुष्यात कुणी बोललं नव्हतं, आणि आताही बोलत नव्हतं. कधीकधी त्याला रडू यायचं.

एक दिवस त्याने ठरवलं, बास. आज सांगायचंच. तो हळूच तिच्याकडे वळला.

तेवढ्यात इरावती पोटाला म्हणाली, "अहो, एक बोलू? भावजी मनाने चांगले आहेत. पण दिवसभर आपल्याकडेच टक लावून बघत असतात. मला कसंतरीच होतं. त्यांचं वयही झालंय. त्यांचंही कुठेतरी लग्न लावून वेगळं घर करून देऊ या का?"

शेषराव बोलायला पुढे सरकला.

पोट म्हणालं, "गुर्रर्र."

"मला वाटलंच, तुमची हरकत नसणार," इरावती म्हणाली आणि फोटो काढायला बजाबाला बोलावणं धाडलं.

तात्पर्य : बाळांनो, आपल्यातला जो भाग लोकांना पसंत पडेल, तेवढाच आपला म्हणावा. उरलेल्याची ओळख 'आमचे थोरले बंधू' अशी करून द्यावी आणि त्यांनी फार जवळ बसू नये.