बाराशे एकरांचं स्थळ

शेखर सरांनी एम.ए.च्या वर्गाला एक जुनी अमेरिकन कादंबरी शिकवायला घेतली आणि कादंबरी सोडून बाकी सगळं शिकवलं. ज्या मातीत पुस्तक उगवलं ती माती आधी कळली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. जुलै संपत आला तरी अमरावतीचा तो वर्ग मिसिसिपीच्या गाळातच रुतून बसला होता.

"सर, पुस्तक कधी सुरू होईन?" प्राजक्ताने विचारलं.

"आधी नायकाची पार्श्वभूमी. पहिली तीन प्रकरणं घरी वाचा आणि एका पानावर लिहून आणा."

"पार्श्वभूमी म्हंजे नेमकं काय लिवाचं?"

सरांना एकदम सुचलं. "घरी स्थळ आलं की चौकशी करता ना? शेती किती, घर कसं, घरात कोण कोण? तशी करा. त्याचं नाव मात्र लिहायचं नाही. पार्श्वभूमीवरूनच माणूस ओळखू आला पाहिजे. माझ्या नंबरवर पाठवा."

प्राजक्ता आज्ञाधारक मुलगी. तिने वर 'श्री गणेशाय नमः' घातलं आणि खाली लिहिलं: वय चौतीस. उंची सहा फूट. शेती बाराशे एकर, नदीकाठची काळी, पीक कापूस. स्वतःची जिनिंग. दोन मजली घर, सोळा खोल्या. घोडे सहा. आईवडील हयात नाहीत, बहीण नाही. मुक्काम दक्षिणेकडे. संपर्क: शेखर सर, आणि पुढे नंबर. हे सगळं तिने आईच्या फोनवर लिहिलं, तिथेच घात झाला. तिची आई दुर्गाबाई सोयरिकीच्या तीन ग्रुपांत होती. फोनमध्ये आयतं स्थळ सापडल्यावर ते दाबून ठेवण्याइतकी ती बाई कोत्या मनाची नव्हती.

रात्रीपर्यंत स्थळ दर्यापूर ओलांडून गेलं आणि सकाळी सरांचा फोन तापला.

"दक्षिणेकडं म्हंजे आदिलाबाद का?" एकाने विचारलं. दुसऱ्याचा प्रश्न कायद्याचा होता: "बाराशे एकर सीलिंगमधून सुटली कशी?" तिसऱ्याला सरांनी स्पष्टच सांगितलं की हा माणूस पुस्तकातला आहे आणि शेवटी मरतो.

"अरेरे! मंग जमीन कोनाच्या नावानं झाली?"

दोन दिवसांत एक्केचाळीस फोन आले. शेखरला हसावं की रडावं कळेना. तो स्वतः तेहतीस वर्षांचा, निर्व्यसनी, हाडामांसाचा. पण आठ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवेल तितकाच पगार आणि उन्हाळ्यात तोही नाही. त्यामुळे त्याला एकही स्थळ येत नव्हतं. अकोल्याला ग्रंथालयात काम करणारी वर्षाली त्याला मनापासून आवडायची, तिलाही तो आवडायचा. पण तेल्हाऱ्याच्या तिच्या वडिलांनी, वामनरावांनी, त्याचं तोंड न पाहता, नावही न विचारता निरोप धाडला होता, "तासिकेवरचा नको."

बेचाळिसावा फोन वामनरावांचा होता.

"सर, ते बाराशे एकरवाले तुमच्या वळखीतले ना? आमी रविवारी तुमच्या घरी येतो. पोरगीबी आनतो."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण वर्षालीचे वडील आपल्या पायांनी आपल्या घरी येणार, या विचाराने शेखरची अक्कल गहाण पडली. "या काका," तो म्हणाला.

रविवारी राजापेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांत वामनराव, त्यांच्या पत्नी मैनाबाई आणि वर्षाली येऊन बसले. वर्षालीने बायोडाट्यावरचा नंबर पहिल्याच दिवशी ओळखला होता. तिने घरी काही सांगितलं नव्हतं आणि आता पदराआड हसत होती. शेखरने चहा दिला.

"घोडे कायले ठेवते तो?" वामनरावांनी सुरुवात केली. "ट्रॅक्टर नाई का?"

"तिथं तशी पद्धत आहे, काका."

"अन बहीन नाई म्हंजे वाटेहिश्शाची कटकट नाई. झ्याक!"

मैनाबाईंचा चहा संपला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"एक सांगा मले. बाराशे एकर कापूस. येचते कोन?"

त्या शेखरकडे वळल्या.

"आमच्या चौदा एकराले बाया भेटत नाईत. गाडी पाठवा लागते, हातापाया पडा लागते. याले एवढे मानसं भेटते कोठून?"

महिनाभर वर्गात ज्या एका प्रश्नाची शेखर वाट पाहत होता, तो हा! त्याला काळवेळेचं भान राहिलं नाही. तो उठला आणि बोलत सुटला. जहाजांत कोंबून आणलेली माणसं, बाजारात त्यांचा लिलाव, आईपासून तोडून विकलेलं एक लेकरू, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत वेचणी, पोतं हलकं भरलं की पाठीवर चाबूक. तो चाळीस मिनिटं बोलला. इतकं चांगलं त्याने आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं. मैनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मानसं इकत घेनाऱ्याच्या घरी माही पोरगी जानार नाई."

"अवं पर बाराशे एकर..."

"उठा म्हणते ना!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "काका, तो माणूसच नाही," शेखर म्हणाला. "पुस्तकातला आहे. माझ्या वर्गातल्या पोरीनं अभ्यास म्हणून लिहिलं अन् गावभर झालं."

वामनराव लालबुंद झाले. "मंग तुमी कोन?"

"मी तोच. तासिकेवरचा."

वामनरावांनी चप्पल घातली. पण मैनाबाई दारात जागच्या हलल्या नाहीत. "त्या लेकराले इकलं, त्याची माय त्याले पुन्हा भेटते का नाई?" त्यांनी शेखरला विचारलं.

"ते पुस्तकात आहे, काकू. खूप पुढं."

"मंग तेल्हाऱ्याले येऊन वाचून दाखवा. आमाले इंग्रजी येत नाई. अन पानं गाळाचे नाईत."

शेखर पुढच्याच रविवारी बसने तेल्हाऱ्याला गेला. एकेक पान मराठीत सांगू लागला. पहिल्या रविवारी वामनराव पाठ फिरवून विडी ओढत बसले. दुसऱ्या रविवारी त्यांनी तोंड इकडे केलं. तिसऱ्या रविवारी ओट्यावर शेजारची वीसेक माणसं जमली, तेव्हा कुणीतरी मध्येच बोललं म्हणून त्यांनीच त्याला दटावलं. आणि चौथ्या रविवारी त्यांनी शेखरला बाजूला घेतलं.

"मास्तर, त्या मायलेकराची भेट कधी होईन?"

"याच वेगानं गेलो तर दिवाळी होईल, काका."

वामनरावांनी आत पाहून हाक मारली, "अवं, आयकतं का? वर्षालीची अन मास्तरांची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची काढू. आंधी काढली तं पुस्तक मंधातच राहीन."