गच्चीवरील मोहिमेत पुसट डाग हाती आला त्याची हकीकत

वाचणारांस लेखकाचा दंडवत. एका निवृत्त मुद्रितशोधकाने गच्चीवरून दीर्घिका कैसी काबीज केली, ती हकीकत कोणी विचारल्यावरून, खरे म्हणजे कोणी न विचारताच, लिहितो. लढणार आणि लिहिणार असामी एकच, सबब शौर्य जास्त दिसेल तेथे निम्मे वजा करून वाचावे.

चाळीस वर्षे छापखान्यात बसोन दुसऱ्यांच्या मजकुरातील चुका वेचिल्या, आणि आपली म्हणोन एक ओळ छापिली नाही. मग नोकरी सुटताच मनसुबा केला की, अडीच कोटी प्रकाशवर्षे दूरचा ताऱ्यांचा एक अफाट मुलूख, ज्यास दीर्घिका म्हणतात, तो आपल्या हाताने छबीत आणावा. तेथून प्रकाश निघाला तेव्हा मनुष्य नव्हते, त्यामुळे मुद्रणदोषही नव्हते. ऐसियास इमारतीचे सचिवांनी गच्चीवर मोठा दिवा बसविला. त्याचे उजेडात तारे दिसेनात, सबब वीर तो विझविण्याचा अर्ज घेऊन तीन वेळा त्यांचे दारापावेतो गेले आणि बेल न वाजविता परतले, मग चौथे खेपेस बेल कुटुंबाने वाजविली. हुकूम सुटला, "काका, आजची एक रात्र बंद ठेवतो. उद्यापासून दिवा लागणार म्हणजे लागणार. कोणी घसरून पडलं तर लोक मलाच धरतील."

मग अमावास्येचे सायंकाळी दुर्बीण, तिवई, कॅमेरा, लॅपटॉप आणि गुडघ्याचा पट्टा ऐसा सरंजाम घेऊन गच्चीवर कूच केले, आणि दोन दोन मिनिटांच्या शंभर छबी घेतल्या, आणि मध्येच दंवाने भिंगावर छापा घातला तेव्हा कुटुंब केस वाळवण्याचे यंत्र घेऊन कुमकेस धावून आले. "अहो, माझे केस वाळवायला उभे राहिलात का कधी असे?" ऐसा सवाल जाहला.

दुसरे दिवशी लॅपटॉपाने शंभर छबी एकावर एक रचून एक केली, तो पडद्यावर धुळीची आणि डागांची ही गर्दी! चाळीस वर्षांचा हात. डाग दिसला की थांबत नाही. तारे तेवढे पूर्णविराम समजोन राहू दिले, आणि बाकी कत्तल करीत दुपारपावेतो आकाश लख्ख काळे केले, आणि मग जेवणाचे टेबलावर पेश केले.

"सकाळी मधोमध एक पुसट डाग होता," कुटुंब म्हणाले, "तो कुठंय?"

"तो ना? काढला. घाण होती."

"आणि तुमची दीर्घिका कुठंय?"

येथे वीरांनी चष्मा पुसोन पडदा पुन्हा पाहिला.

"अडीच कोटी वर्षं चालत आलेला पाहुणा, आणि तुम्ही त्याला उंबऱ्यावरच पुसून काढलंत!"

वीर म्हणाले, माझ्याच्याने काय होणार, दुर्बीण माळ्यावर टाकावी. हा तह कुटुंबाने फेटाळला. "माळ्यावर टाका मागाहून. कच्चे खर्डे कधी फेकलेत का जन्मात? हेही कुठे ठेवलेत ते बघा आधी."

तो मूळ शंभर छबी कॅमेऱ्याचे कार्डात सुखरूप! ज्या खोडीने घात केला तिच्याच थोरल्या बहिणीने तारिले. मग पुनश्च रचना जाहली, आणि कुटुंब शेजारी खुर्ची टाकोन पहाऱ्यास बसले, आणि तीन वेळा हात डागाकडे वळला आणि तीन वेळा मनगटावर चापट बसली, आणि सांज होता होता तो डाग उजळत गेला आणि त्यास भोवऱ्यासारखे दोन हात फुटले. ते समयी गच्चीवरचा दिवा लागला. खिडकीतून उजेड आत आला.

छापखान्याची चाल ऐसी की, चुकोन खोडलेला शब्द ठेवावयाचा असता त्याखाली ठिपके देऊन समासात 'राहू द्या' ऐसे लिहितात. छबी छापोन भिंतीस लाविली तेव्हा वीरांनी लाल पेन्सिलीने डागाखाली ठिपके दिले आणि कडेस लिहिले, राहू द्या. सही करताना हात कचरला, ती कुटुंबाने दटावोन करविली.

ऐसी फत्ते जाहली, ती येथे नोंदिली. लिहिण्यात चूक आढळल्यास लेखकास कळवू नये. तो दुरुस्त करावयास जाईल.