बदली राजा

माणसं कशी टिकवायची ते माझ्याकडून शिका, असं मी छातीठोकपणे सांगत असे! माझं चौकात चष्म्यांचं दुकान आहे, आणि इंटरनेटवर युद्धाचे डाव भरवणं हा माझा छंद. एक नकाशा, सात राज्यं, सात खेळाडू. प्रत्येकाने रोज संध्याकाळी पाचच्या आत आपली एक चाल कळवायची, बस्स! तरीही माझे पाच डाव अर्धवट सुटले होते. लोक हौसेने येतात, मुकुट घालतात आणि हरायला लागले की सैन्य रणांगणात उभं ठेवून गायब होतात.

सहाव्या डावाच्या वेळी बायकोने शिवणयंत्र आणलं आणि माझ्या संगणकाच्या टेबलाकडे टक लावून पाहिलं. मी शब्द दिला, हा डाव पुरा झाला नाही तर टेबल तुझं. मग मी एक जालीम नियम केला. ज्याला डाव सोडायचाय त्याने स्वतःच्या जागी बदली माणूस द्यायचा. म्हणजे राज्य रिकामं राहणारच नाही! बायकोला नियम वाचून दाखवला, तेव्हा ती नुसतं "बघ बाबा" म्हणाली.

आठव्या दिवशी उत्तरेचा राजा कंटाळला. हा एरवी दातांचा डॉक्टर. त्याने राज्य आपल्या दवाखान्यातल्या बाईंना दिलं, बाईंनी सासऱ्यांना. सासऱ्यांनी 'उगाच वैर कशाला' म्हणून नदीकाठचे दोन किल्ले शत्रूला देऊन टाकले आणि उरलेलं राज्य सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राच्या गळ्यात मारलं. बाकीची राज्यंही भेट आलेल्या फुलदाणीसारखी घरोघर फिरू लागली. एका राजाने मला विचारलं, हे बंद कुठून करायचं? दुसरा चाल म्हणून रोज 'शुभ सकाळ' पाठवायचा. मी टोपणनावाने सगळ्यांना समजावत होतो, पाच वाजले की आठवण करून देत होतो, हातापाया पडत होतो. जेवणावरची माझी वासनाच उडाली.

अशात एका सकाळी दुकानात एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. डोळे फार दुखतात म्हणाल्या. मी त्यांना तक्ता वाचायला लावला आणि बारीक काम करता का, असं विचारलं.

"काम कसलं! जावेच्या भावाने एक राज्य दिलंय. उत्तरेचं. मुंगीएवढी अक्षरं त्या नकाशावर."

माझ्या हातातलं भिंग पडता पडता राहिलं.

"आणि तो डाव भरवणारा! इतका किरकिरा माणूस मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. पाच वाजले रे वाजले की तगादा. रिकामटेकडा असणार मेला." मग त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "तुम्ही घ्याल का हो ते राज्य? रोजची दहाच मिनिटं. तुम्ही सज्जन दिसता."

नाही म्हणालो असतो तर डाव मोडला असता आणि टेबल गेलं असतं. खरं सांगायचा धीर झाला नाही. मी राज्य घेतलं, वर चष्म्यात सूटही दिली.

बाईंनी जाता जाता मोबाइलवरून डावाच्या सूचनाफलकावर लिहिलं, 'राज्य नको असल्यास चौकातल्या चष्म्याच्या दुकानात द्यावे.' आठवड्याभरात बाकीचे सहाही राजे दुकानाची पायरी चढून आले!

आता सातही राज्यं माझी. पाच वाजता मी स्वतःलाच सात वेळा तगादा लावतो. उत्तरेचा राजा म्हणून पश्चिमेवर गुपचूप चालून जायचं ठरवतो, तर ते पश्चिमेला आधीच कळलेलं असतं. कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. शिवणयंत्र अजून दाराशी आहे. बायको येता-जाता त्यावरून फडकं फिरवते आणि "संपला का?" म्हणून विचारते. मला अक्षरशः रडू येतं.

खरं सांगतो, आता मलाच हा डाव सोडायचाय. पण नियम माझाच! तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कोणाकडे रोजची दहा मिनिटं मोकळी आहेत का? राज्य छान आहे. डाव भरवणारा जरा किरकिरा आहे, पण मनाने सज्जन आहे.