जर्मनीचा सडवा

प्रवीणने फ्रिज उघडला तेव्हा खालच्या कप्प्यात दुधी भोपळा होता, बरणी नव्हती. बरणी अंगणात त्याच्या आईच्या हातात होती आणि आईच्या मागे दारूबंदी समितीच्या सगळ्या बाया उभ्या होत्या.

आई म्हणजे रुखमाबाई, समितीच्या अध्यक्ष. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, म्हणजे दारूबंदीचं. प्रवीण सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर आणि नोकरीला वैनगंगेपलीकडे, ब्रह्मपुरीजवळच्या नव्या बिअर कारखान्यात. पलीकडे चंद्रपूर जिल्हा. तिथली बंदी उठलेली. त्यामुळे पुलापलीकडे जव आंबवला की त्याला उद्योग म्हणत आणि फीत कापत. पुलाअलीकडे मोहफूल आंबवलं की त्याला सडवा म्हणत आणि गटारात ओतत. दोन्हीकडे काम करणारं यीस्ट एकाच कुळातलं होतं. त्याला जिल्ह्याची हद्द कुणी समजावून सांगितली नव्हती.

कारखान्याचे मालक राजदीपसाहेब नागपूरचे. त्यांनी स्वागतकक्षात विजेवर चालणारा धबधबा आणि फायबरचा वाघ बसवला होता. प्रयोगशाळेत मात्र एकच फ्रिज, आणि त्यात बहुतेक वेळा पाहुण्यांचा केक. रविवारी डिझेल वाचवायला जनरेटरही बंद. म्हणून जर्मनीहून मागवलेलं यीस्ट प्रवीण सुट्टीला बरणीत भरून घरी आणायचा. सोमवारी ते टाकीत पडलं नाही तर पहिला घाणा जाईल आणि सोबत तूही जाशील, असं साहेबांनी त्याला हसत हसत सांगून ठेवलं होतं.

त्या रविवारी दुपारभर लाइट नव्हती. यीस्ट जागं झालं, झाकण उडालं आणि भोपळ्यावर फेस आला.

"माय, ते दारू नाई. औषधासारखं असते ते. जर्मनीवरून आलं हाय," प्रवीण म्हणाला.

"जर्मनीचं असो का मोह गाळणाऱ्या धनराजच्या घरचं, फेस त येऊनच राह्यला ना?" रुखमाबाईंनी बरणी नाकाशी नेली. "सडवाच होय हा."

प्रवीणने नोकरीचं सांगितलं, कर्जाच्या हप्त्यांचं सांगितलं, शेवटी हात जोडले. समितीच्या सचिव साधनाबाई मोबाइल काढून वाट पाहत होत्या. जप्तीचा फोटो पेपरात देण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"सकाळी धनराजचा सांडवला, त्याच्या मायच्या डोळ्यांदेखत," रुखमाबाई म्हणाल्या. "आता मह्या पोराचा ठेवू? कोन्या तोंडानं?"

फेस गटारातून वाहत गेला. फोटो छान आला.

शास्त्राच्या पुस्तकात या प्रसंगाला उत्तर नव्हतं. धनराजची जप्त कॅन मात्र पंचायतीच्या ओट्यावर पडली होती, रिकामी, पण तळाशी यीस्टचा करडा गाळ असलेली. प्रवीणने तो चमच्याने खरवडला, घरी गुळाच्या पाण्यावर वाढवला आणि सोमवारी टाकीत सोडला. टाकीने काही तक्रार केली नाही.

बिअर तयार झाली तेव्हा चाखायला पुण्याहून एक तज्ज्ञ आला. त्याने ग्लास उजेडात धरला, हुंगला, डोळे मिटले आणि जंगलातल्या फुलांची छटा जाणवते म्हणाला. राजदीपसाहेबांनी मान डोलावली. जर्मन यीस्टचं हेच वैशिष्ट्य असतं, त्यांनी पाहुण्यांना समजावलं. प्रवीण वाघाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणं आलं. साहेबांच्या टेबलावर पेपरचं कात्रण होतं. रुखमाबाई, तिरकी बरणी, बाजूला हात जोडलेला प्रवीण. नोकरी गेली, असंच तो समजला.

"ही बाई कोण?"

"आई आहे माझी, सर."

"बोलला नाहीस कधी," साहेब म्हणाले. "चेहरा बघ ना तिचा, काय अस्सल आहे! आम्ही यासाठी मुंबईहून मॉडेल आणणार होतो."

बाहेर स्वागतकक्षात दोन माणसं शिडीवर चढून धबधब्याशेजारी तोच फोटो भिंतभर मोठा करून लावत होती. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'आजीच्या हातचं यीस्ट, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा'. प्रवीणचे जोडलेले हात श्रद्धेचे वाटत होते. गटार तेवढं कापलं होतं.