देठ न देणारा पानवाला

किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर दगडूभाऊंची पानटपरी आहे. पूजेसाठीसुद्धा देठासकट पान न देणारी अशी टपरी जगात दुसरी नसावी. पान हातात घेतलं की दगडूभाऊ आधी कात्रीने त्याचा देठ उडवतात, मग गिऱ्हाइकाकडे बघतात.

"अहो, सत्यनारायण आहे, देठ लागतो," भटजींनी एकदा सांगून पाहिलं.

"देव काय देठ खातो?"

तेव्हापासून गावातले सत्यनारायण शहापूरच्या पानांवर होतात.

दुसरा नाद याहून वाईट. कुणाकडे मूल झालं की लोक नाव विचारतात, वजन विचारतात. दगडूभाऊ भर स्टँडवर ओरडतात, "पयल्या दिशी काळी शी झाली का रे?" नवा बाप लाजून चूर होतो आणि मुरबाडच्या गाडीतले प्रवासी उत्तरासाठी खिडकीतून माना बाहेर काढतात. मी मास्तर माणूस. या गृहस्थाशी चारचौघांत बोलायचीही मला लाज वाटे.

मग आमच्या लेकीला मुलगा झाला. दीड महिन्याचा झाला तरी चार-चार दिवस शी नाही, पोट तट्ट फुगलेलं. बायको म्हणाली, "पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी लावला की होतं मोकळं. मागच्या आठवड्यात लावला तेव्हा नाही का झालं?" मी मुकाट्याने टपरीवर जाऊन देठ मागितला.

दगडूभाऊंची कात्री थांबली. "कोनाला?"

"नातवाला."

"पयल्या दिशी झालती?"

"नाही. तिसऱ्या दिवशी." या वेळी मला लाज वाटली नाही, भीती वाटली.

ऐन बाजाराच्या दिवशी त्यांनी टपरी बंद केली, घरी येऊन बाळाचं पोट बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, आताच्या आता कल्यानला चला. गाडी मी बगतो."

गाडीत ते माझ्याशेजारी बसले होते. "माझी संगी अशीच. देठ लावला का भसकन मोकळी व्हायची. मीच लावायचो. दगडूचा हात हलका म्हनून शेजारचे पन बोलवायचे. आमाला वाटायचं, बरी झाली. चार म्हैन्यांची व्हती, गेली तवा. मागनं एका डाक्तरनं इचारलं, पयल्या दिशी काळी शी झालती का? आधी कोनी इचारलंच नाय हो. बायको म्हायेरी गेली ती परत आलीच नाय."



कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून समजावून सांगितलं. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच तयार झाल्या नव्हत्या, म्हणून तिथला स्नायू सैल न पडता आवळलेलाच राहत होता. पहिली काळी शी उशिरा झाली ती त्यामुळेच. देठाने तेवढ्यापुरती वाट मोकळी होई आणि आजार लपून जाई. मुंबईला ऑपरेशन झालं. तेवढा तुकडा काढला, वरचं चांगलं आतडं खाली आणून जोडलं.

दोन महिन्यांनी लेकीने बाळाला टपरीवर नेऊन थेट दगडूभाऊंच्या मांडीवर ठेवलं. ते अवघडून बसले. पाचच मिनिटांत आमच्या नातवाने त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर कार्यक्रम उरकला.

"अगं बाई! द्या काका इकडे, मी धुते," लेक ओशाळून पुढे झाली.

"राहू दे गो," दगडूभाऊ म्हणाले. "जरा येळ राहू दे." त्यांनी बाळाला आणखी जवळ घेतलं. डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

गिऱ्हाइकं खोळंबली, म्हणून मीच आत शिरून त्यांना पानं लावून दिली. दगडूभाऊ तसेच बसून होते.