साळवेकाकांची मतमोजणी

आमच्या आकुर्डीच्या सोसायटीतले साळवेकाका जगातल्या लोकशाह्या तपासून पास-नापास करतात. मूळचे कुरुळीचे. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले, पण खोड काही गेली नाही.

"काका, ऑस्ट्रेलिया?"

"पास! मत न्हाई दिलं तर दंड बसतो राव."

"इंग्लंड?"

"रिवर्क, दुरुस्तीला परत. वरच्या सभागृहातल्यांना निवडून कोण देतं? कुणीच न्हाई."

"अमेरिका?"

"कमी मतं पडूनबी माणूस अध्यक्ष होतो! असला पार्ट मी गेटबाहेर जाऊ दिला नसता."

"आणि आपली सोसायटी?"

"स्क्रॅप."

खोटं नव्हतं ते. आमचे चेअरमन अकरा वर्षं बिनविरोध. दरवर्षी मीटिंग, समोसे, टाळ्या आणि घरी. यंदा टाळ्यांच्या आधी काका उठले. "मी उभा हाय. चिठ्ठ्या टाका." लोकांना समोसे गार होण्याची चिंता. शेवटी मतदान पुढच्या रविवारी ठरलं.

आठवडाभर काका दारोदार फिरले. "काका, तुम्हालाच!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मतपेटी म्हणून त्यांनी काकूंचा लाडवांचा डबा आणला. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. झाकणाला स्वतः खाच पाडली आणि कानशीनं घासघासून गुळगुळीत केली, मतदाराचं बोट कापू नये म्हणून.

मी बँकेत, म्हणून मोजणी माझ्याकडे. चोवीस घरं, चोवीस चिठ्ठ्या. एकेक उघडत गेलो. चेअरमन, चेअरमन, चेअरमन. काकांना एकही नाही. माझीही त्यांना नव्हती. चेअरमननी माझ्या गाडीला छपराखालची जागा दिली होती. काकांना बाकीचे देतीलच, असं मी धरून चाललो होतो. बहुतेक सगळ्यांनीच तसं धरलं असावं. मला माझीच किळस आली.

काका पहिल्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शून्य म्हणायला माझी जीभ उचलेना.

"चेअरमन तेवीस. साळवेकाका एक."

"काकांचं स्वतःचं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेढे घेऊन दारात.

"हरल्यावर पेढे, काका?"

"अरे, मी मला मत दिलंच नव्हतं. चेअरमनला दिलं. उमेदवारानं स्वतःला द्यावं, हे मला पटत न्हाई." त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला. "ही गेल्यापास्नं वाटायचं, या बिल्डिंगीत आपलं कुणी न्हाई. पन एक जण हाय राव!"

मी तोंड उघडलं, तसा त्यांनी घाईनं पेढाच कोंबला.

"सांगू नको! गुप्त मतदान असतं. कोण ते कळत न्हाई, म्हनून तेवीस घरी वाटतोय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोजणी मात्र तू चोख केलीस. आपली सोसायटी पास."

आणि ते समोरच्या दाराची बेल वाजवायला वळले.