आत्याबाईंची बोलती बंद

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात तक्रारी चक्क वाचल्या जाऊ लागल्या आहेत, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या लक्षात यायला तसा उशीरच झाला. तोवर कागदांचा ढिगारा जवळजवळ संपला होता. त्याच्यामागे एक खिडकी निघाली. खिडकी आहे म्हटल्यावर तिला पडदा कुठल्या खर्चातून लावायचा, हा नवाच प्रश्न कार्यालयापुढे उभा राहिला.

या सगळ्याला कारणीभूत होत्या नव्याने लागलेल्या एक बाई. तक्रार विभागात बसतात म्हणून सगळे त्यांना तक्रारबाई म्हणत. कॉलेजात असतानाच त्यांची दृष्टी गेली होती, पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक आवाज होता. पडद्यावर अक्षरं आली की तो आवाज ती भराभर त्यांच्या कानात वाचून दाखवी. हेडक्लार्कनी एकदा हौसेने तो इयरफोन स्वतःच्या कानाला लावला आणि दचकून काढला.

"अहो, ही तर आमची आत्या! श्वास घेत नाही आणि मधे कुणाला बोलू देत नाही!"

तेव्हापासून तो आवाज आत्याबाई झाला. आत्याबाईंचा एकच दोष होता. त्यांना गाळता येत नसे. डोळस कारकून 'महोदय' वाचतो, 'आपला नम्र' वाचतो आणि मधल्या मजकुरावर श्रद्धा ठेवतो. आत्याबाई मधलंही वाचत. आणि एकदा ऐकल्यावर तक्रारबाईंना उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे. नळ दुरुस्त होऊ लागले. हाताखालचे लोक कुरकुरू लागले. पण बाई खुशीत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना मदत करत नव्हतं, कामाला लावत होतं.

इतक्यात वरून 'सुगम कार्यालय योजना' आली. अंध कर्मचाऱ्यांना सर्व सोयी द्याव्यात, असा आदेश होता. साहेब हरखून गेले.

"आपल्याकडे तर तयार आहे की एक!" ते म्हणाले, आणि लगेच सोयी करायला बसले.

पहिली सोय अशी की बाईंकडे यापुढे कच्चा मजकूर जाणार नाही. अंध झाल्या म्हणून त्यांना बिनसहीचं काहीही द्यायचं, हा त्यांचा अपमान आहे, असं साहेबांना मनापासून वाटलं. म्हणून कॉम्प्युटरवर आलेली प्रत्येक तक्रार आधी कागदावर छापायची, तिच्यावर हेडक्लार्कनी, मग साहेबांनी सही करायची, सहीशेजारी गोल शिक्का, शिक्क्याशेजारी तारखेचा शिक्का, आणि या सालंकृत कागदाचा फोटो काढून तो बाईंच्या कॉम्प्युटरवर सन्मानपूर्वक पाठवायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिली तक्रार उघडली.

"पान रिकामं आहे," आत्याबाई म्हणाल्या.

दुसरी उघडली, तिसरी उघडली. तेच. बाई उठून साहेबांकडे गेल्या.

"रिकामं?" साहेबांचा चेहरा पडला. "अहो, माझी सही आहे त्यावर!"

"सही दिसते साहेब, ऐकू येत नाही. यंत्राला अक्षरं लागतात, आणि हा अक्षरांचा फोटो आहे. मूळ तक्रार टायपिस्टच्या कॉम्प्युटरवर असतेच ना? तीच पाठवा थेट."

"बिनसहीची? बाई, बिनसहीच्या कागदात उद्या काहीही लिहिलेलं असेल."

"आणि सहीच्या कागदात काय लिहिलेलं असतं साहेब?"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आपल्याला बैठक असल्याचं त्यांना आठवलं.

पण 'रिकामं' हा शब्द त्यांना लागला होता. सक्षम अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीच्या कागदाला रिकामं म्हणणं ही शिस्तभंगाची बाब होती. बाईंचा तोंडाळपणा एकवेळ चालला असता, यंत्राचा कसा चालेल? यंत्राकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. खुलाशाच्या नोटिशीवर सही झाली, शिक्के बसले, फोटो निघाला आणि तो आत्याबाईंना पाठवण्यात आला. आत्याबाईंनी तोही रिकामा ठरवला. 'नोटीस स्वीकारण्यास उद्धटपणे नकार' असा शेरा पडला.

मग दुसरी सोय झाली. हेडक्लार्कनी बाईंना कागद वाचून दाखवायचे. हेडक्लार्क खुर्ची ओढून शेजारी बसले, कागद लांब धरला, जवळ धरला.

"पाणी नाही म्हणतोय."

"पुढे?"

"पुढे तेच. वगैरे वगैरे."

"कधीपासून नाही? कुठल्या मजल्यावर?"

"अहो बाई, पाणी नाही म्हणजे नाही. 'नाही'मध्ये प्रकार असतात का?"

त्या आठवड्यात आलेल्या एकूण एक तक्रारींत पाणी नव्हतं. ढिगारा वाढला. खिडकी पुन्हा झाकली गेली आणि पडद्याचा प्रश्न तेवढा परस्पर सुटला.

साहेब तसे मनाने वाईट नव्हते. त्यांनी बाईंना बोलावून प्रेमाने सांगितलं, "हे काम तुम्हाला झेपत नाही, यात तुमचा दोष नाही. पाहणी समिती येतेय. तिने तसं लिहिलं की तुम्हाला खाली दालनात सोफा देतो. पद नवं आहे, 'प्रेरणास्थान'. येणाऱ्याजाणाऱ्याने तुमच्याकडे बघायचं आणि प्रेरणा घ्यायची. काम काही नाही."

"पण मला काम हवंय साहेब."

"बघा!" साहेब गहिवरले. "मला तर आत्ताच प्रेरणा मिळाली."

घरी सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, बसून पगार मिळतोय! जग त्यासाठी जन्मभर धडपडतं, आणि तू तोंड पाडून बसलीयेस?"

"आई, मला शोभेची कुंडी व्हायचं नाहीये," बाई म्हणाल्या. सासूबाईंनी चहा पुढे सरकवला. आणि म्हणाल्या, "मग भांड की! माझ्याशी भांडतेस तशी भांड. माझं तरी कुठे काही चालतं तुझ्यापुढे?"

समिती आली. अध्यक्ष होते, एक सदस्य होते आणि एक सदस्या होत्या. खास त्यांच्यासाठी कॉम्प्युटरला मोठा कर्णा जोडला होता. बाईंनी सगळ्यात वरची तक्रार उघडली.

"पान रिकामं आहे!" आत्याबाईंनी अख्ख्या कचेरीला ठणकावून सांगितलं.

"दुर्दैवी," अध्यक्ष म्हणाले. साहेबांनी खेदाने मान हलवली.

"यंत्राचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "तोच कागद तुम्ही बघा. तुम्हाला डोळे आहेत."

कागद अध्यक्षांच्या हातात गेला. आता त्या कागदाची अवस्था अशी होती की सह्यांवर शिक्के होते, शिक्क्यांवर शेरे होते, आणि या गर्दीत मूळ तक्रार कुठे चेंगरून पडली होती ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. अध्यक्षांनी तो बराच वेळ पाहिला.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले आणि कागद पुढे दिला.

"मांडणी मुद्देसूद," सदस्य म्हणाले.

"शेवट थोडा घाईत उरकलाय," सदस्याबाईंनी चष्मा पुसत मत दिलं, "पण एकंदरीत वाचनीय."

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "मग जरा मोठ्याने वाचता का? मलाही कळेल."

कागद तिघांत पुन्हा एकदा फिरला. शेवटी सवयीप्रमाणे हेडक्लार्क पुढे झाले. "पाणी नाही म्हणतोय."

"हां, तेच ते!" तिघेही एकदम म्हणाले.

"आणि आपण त्यावर तत्परतेने कार्यवाही केलीय," साहेब फुलून म्हणाले. "त्या भागातलं पाणी दुप्पट सोडलंय."

बाईंनी टायपिस्टला हाक मारली. "या तक्रारीचं मूळ तुमच्याकडे असेल ना? जरा इकडे पाठवा. बिनसहीचंच पाठवा."

टायपिस्टने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष छताकडे पाहत होते, तेवढ्यात तिने पाठवून दिलं. आणि कर्ण्यातून आत्याबाई सुटल्या:

"महोदय, आमच्या दारातली मोठी वाहिनी फुटली असून घरात गुडघाभर पाणी आहे. कृपया पाणी बंद करावे. ही माझी दुसरी तक्रार आहे. पहिल्या तक्रारीनंतर पाणी वाढले. आपला नम्र, सध्या पलंगावर उभा असलेला नागरिक."

टायपिस्ट हसू दाबायला कपाटामागे गेली. साहेब वाहिनी बंद करायला स्वतः फोनकडे धावले, आणि घाईत चुकून त्यांनी सहीशिवाय आदेश दिला.

समिती अनुभवी होती. कुणालाही दोष न देता अहवाल कसा लिहावा हे तिला पक्कं ठाऊक होतं. 'शिक्क्यांच्या आधिक्यामुळे कार्यालयातील सर्वच डोळस कर्मचाऱ्यांना दृष्टिबाधा झाल्याचे आढळते,' असा निष्कर्ष निघाला. सबब, त्यांनाही अंध कर्मचाऱ्याप्रमाणेच मूळ मजकूर द्यावा आणि तो कानाने ऐकवावा. शिक्के मारायचेच झाले तर कोऱ्या कागदावर मारावेत. बाईंना कायम करण्यात आलं. सोफ्यावर साहेबांना भेटायला येणारे बसू लागले, आणि बसून बसून त्यांना काय प्रेरणा मिळायची ती मिळू लागली. साहेबांनी स्वतःचे जुने आदेश ऐकायला घेतले, पण पहिलंच वाक्य संपेना तेव्हा त्यांना झोप लागली.

आता तक्रारबाईंकडून उत्तरं जातात ती स्वच्छ, सोप्या भाषेत आणि वेळेवर. त्यामुळे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण एका गृहस्थांची तीच तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागली. गृहस्थ चांगले सुशिक्षित, घरात पुस्तकांचं कपाट, खात्याच्या बेफिकिरीवर चारचौघांत तावातावाने बोलणारे, म्हणजे अगदी तुमच्याआमच्यातले. शेवटी बाईंनी त्यांना फोन लावला.

"अहो, तुमच्या गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद आहे. तेवढा उघडा. प्रत्येक उत्तरात कळवलंय तुम्हाला."

"असेल हो, आलंय खरं काहीतरी. पण एवढं सगळं वाचत कोण बसतं?"

"पाचच ओळी होत्या."

"पाच!" गृहस्थ कळवळले. "बाई, तुम्हीच वाचून दाखवा ना जरा."

तक्रारबाईंनी इयरफोन कानात घातला. आत्याबाई सांगत गेल्या तसं त्यांनी महोदयपासून आपली नम्रपर्यंत सगळं उत्तर एकेक शब्द सावकाश वाचून दाखवलं. गृहस्थ अगदी भारावले.

"वा! किती सोपं लिहिलंय!" ते म्हणाले. "तुमचं बरं आहे हो बाई, तुम्हाला सगळं आयतं वाचून मिळतं. आम्हाला मेले डोळे आहेत ना, आम्हाला कोण वाचून दाखवणार?"